बंदूक जमा केल्याची पावती

तुमसरला आमच्या पतसंस्थेच्या दारात एक लोखंडी स्टूल असायचं. ते परसराम टेंभुर्णे यांना बसायला म्हणून संस्थेनं घेतलं होतं. परसरामजी त्यावर आपली टोपी ठेवायचे आणि स्वतः शेजारी उभे राहायचे, सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच. "फौजेत पंधरा वर्सं उभा राह्यलो बाबूजी, आता बसलो तं मानूस बिघडते," असं त्यांचं म्हणणं. टोपी मात्र बसून बसून पार बिघडली होती.

सहा फूट उंची, काळा रंग लावून जपलेल्या मिशा आणि खांद्याला दुनाली बंदूक. बंदूक त्यांची स्वतःची, परवाना त्यांच्या स्वतःच्या नावाचा, म्हणून तर गार्डची नोकरी. अकरा वर्षांत त्या बंदुकीतून एकदाही बार निघाला नाही. नवा आलेला कारकून हमखास विचारायचा, "परसरामजी, हे चालते तरी का?" त्यावर ते शांतपणे म्हणत, "चालवा नाही लागली म्हनूनच तं तुमी पंख्याखाली बसून राहिले."

धान विकून आलेले शेतकरी पैसे भरायला रांगेत उभे राहत. रांग जेवढी लांब तेवढे परसरामजी खूश. डुकरांची नक्कल, सासऱ्याची नक्कल, आमच्या मॅनेजरांची नक्कल (ते आत असताना, आणि हे विशेष). नंबर आला तरी लोक काउंटरकडे पाठ करून त्यांचं ऐकत राहायचे. मी काउंटरच्या आत बसायचो. माझ्या हिशेबात त्या काळात ज्या चुका झाल्या त्यातल्या निम्म्या तरी परसरामजींच्या नावावर टाकायला हव्यात.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झालं त्याला तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती. पोलिसांनी गावोगावच्या परवानाधारकांसाठी एक मोहीम काढली. आमच्याकडे बंदुका तशा बऱ्याच. रानडुकरांपासून धान राखायला दिलेल्या एकनाळी, तोंडातून बार भरायच्या जुन्या भरमार, आमच्या परसरामजींसारख्या गार्डांच्या दुनाली. त्या ठेवायच्या कशा, कोणाला द्यायच्या नाहीत, परवाना कधी नवा करायचा, हे लोकांना समजावून सांगायचं काम गोपीचंद जमादारांकडे आलं. जमादार सज्जन माणूस. त्यांनी पहिल्या गावात कायद्याची कलमं वाचून दाखवली. दुसरं कलम येईपर्यंत निम्मे लोक घरी गेले आणि उरलेले भिंतीला टेकून झोपले.

जमादारांचं खातं आमच्याकडेच होतं. एके दिवशी रांगेत उभ्या उभ्या त्यांनी परसरामजींचं बोलणं ऐकलं आणि त्यांना रस्ता सापडला.

पुढच्या रविवारपासून परसरामजी मोहिमेत. आपली बंदूक उघडून ते दोन्ही नळ्यांतून लोकांना आभाळ दाखवायचे. "आभाळ दिसलं तं बंदूक खाली. नाही दिसलं तं आभाळाकडं जाची तयारी." मग नकला सुरू. खाटेखाली बंदूक ठेवणारा. दारामागे छत्रीशेजारी ठेवणारा, जो पावसात घाईघाईनं बंदूकच घेऊन बाजाराला जातो. मेव्हण्याला रात्रीपुरती बंदूक देणारा. लोक पोट धरून हसायचे. ज्याच्या घरी खरोखर खाटेखाली बंदूक असायची तो सगळ्यांत मोठ्यानं हसायचा आणि सोमवारी तुमसरच्या बाजारात कुलूप विकत घ्यायचा. "बंदूक कुलपात, काडतूस येगळ्या कुलपात, किल्ली आपल्या कमरेले," हे तर पोरंसुद्धा म्हणायला लागली होती. मीही रविवारी जीपमध्ये मागं बसून जायचो. छत्रीचा विनोद मी पुरवला होता, त्यामुळे तो आला की मी इकडेतिकडे बघून घ्यायचो.

आंबागडला गेलो ते फेब्रुवारीत. किल्ल्याच्या पायथ्याशी गाव, पारावर दीडशेक माणूस जमलेलं. छत्रीपर्यंत सगळं ठरल्यासारखं झालं. मग परसरामजींनी नेहमीप्रमाणे विचारलं, "ज्यायच्या घरी बंदूक हाय त्यायनं हात वर करा!"

जमादारांच्या यादीत त्या गावची चार नावं होती. हात एकच वर आला, आणि तो मागं बायांमध्ये.

"तुमी, बाई? बंदूक तुमची?"

"मालकाची होती जी. श्यामराव सेलोकर. डुकरायसाठी देल्ली होती सरकारनं."

"मंग ते कुठं आहेत? आले नाही?"

"ते गेले. पोळ्याले वर्ष झालं."

"अन् बंदूक?"

"ढोलीत हाय. धानात खुपसून ठेवली. कोरडी राह्यते."

लोकांत खसखस पिकली. ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची मोठी कणगी. परसरामजींनी मिशीवरून हात फिरवला. तो हात फिरला की पुढं काहीतरी येणार हे मला माहीत होतं.

"अन् परवाना कोनाच्या नावानं हाय, बाई?"

"माह्या नावानं झाला ना जी. तलाठ्यानं फेरफार केला, शेत माह्या नावानं चढवलं. बंदूक शेताचीच होती. तं शेतासंगं आलीच ना?"

आता, यात चूक काय ते मला आजही पटकन सांगता येत नाही. सरकारनं शेतासाठी बंदूक दिली, शेत बाईचं झालं, मग बंदूक कोणाची? एवढा सरळ विचार दीडशे माणसांत दुसऱ्या कोणी केला नव्हता. सांगायचं होतं ते इतकंच: परवाना माणसाबरोबर संपतो, बंदूक ठाण्यात जमा करा, हवी असेल तर आपल्या नावानं अर्ज करा. तीन वाक्यं. परसरामजींना ती पाठ होती. पण दीडशे तोंडं हसायच्या तयारीत उघडून बसली होती, आणि उघडलेलं तोंड तसंच मिटू देणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं.

"अवो बाई," ते म्हणाले, "शेत विधवेच्या नावानं होते, बंदूक नाही होत. श्यामराव गेले, तवा बंदुकीचंबी कुकू पुसलं गेलं!"

सगळा पार हसण्यानं हादरला. मी हसलो. लिहायचं तर खरं लिहावं, मी चांगला मोठ्यानं हसलो. परसरामजींना ताव चढला. त्यांनी जमादारांना सलाम ठोकला आणि म्हणाले, "साहेब, गुन्हेगार सापडला! गाडी काढा!"

त्या बाईंचा, म्हणजे सत्यभामाबाईंचा, हात तोपर्यंत वरच होता. खाली घ्यायचं त्यांना सुचलं नसावं. शेजारच्या बाईनं तो धरून खाली केला.

जमादारांनी पुढचं काम रीतसर केलं. बाईंच्या घरी गेले, ढोलीतून बंदूक काढली, नळीतून धानाचे दाणे भुळभुळ सांडले, त्यावरही गाव हसलं. बाईंनी स्वतःहून सांगितलं म्हणून त्यांच्यावर काही केलं नाही. कागद लिहिला, अंगठा घेतला, एक प्रत त्यांच्या हाती दिली. हा कागद कसला, ते परसरामजींनी सांगितलं असेल असं जमादारांना वाटलं. जमादारांनी सांगितलं असेल असं परसरामजींना वाटलं. मला काहीच वाटलं नाही. मी जीपमध्ये जाऊन बसलो होतो. परतताना परसरामजींनी ते कुकवाचं वाक्य आणखी एकदा म्हटलं आणि आम्ही आणखी एकदा हसलो.

घरी जाऊन त्यांनी ते धुरपताबाईंनाही ऐकवलं. धुरपताबाई म्हणजे त्यांची बायको, बोलायला कमी. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भाजी थंडी होऊन राहिली."

पुढं पावसाळा लागला. पाऊस उशिरा आला तरी आल्यावर सोडेना. ऑगस्टच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्याकडे पावसाळ्यात जे जे सर्दतं ते ते चुलीवरच्या फळीवर जातं: मीठ, आगपेटी, पापड. घरात गॅस आला तरी ती फळी तिथंच असते, कारण आंघोळीचं पाणी आणि भाकर चुलीवरच. परसरामजींच्या घरी त्या फळीवर आणखी एक बिस्किटांचा डबा होता. त्यात काडतुसं. काडतूस सर्दलं की दगा देतं ही फौजेपासूनची धास्ती, म्हणून दर पावसाळ्यात "हे कोरडं ठेव वं" म्हणून ते स्वतःच तो डबा धुरपताबाईंच्या हाती देत. बंदूक पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली कमरेला. काडतुसं पापडाशेजारी. वीस-बावीस गावांत "काडतूस येगळ्या कुलपात" म्हणून सांगताना हा डबा त्यांच्या डोळ्यांसमोर एकदाही आला नाही. आपलं घर माणसाला दिसतच नाही.

त्या सकाळी धुरपताबाईंनी मिठाचा डबा ओढला, बिस्किटांचा कलंडला, आणि एक काडतूस घरंगळत थेट चुलीत गेलं.

परसरामजी अंगणात दाढी करत होते. आवाज झाला तसे ते अर्ध्या गालाला साबण असतानाच चिखलात पालथे पडले. पडल्या पडल्या त्यांना कळलं की आवाज आपल्याच स्वयंपाकघरातून आला आहे.

धुरपताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मनगटाला चटका, केसांत राख, डाव्या कानात घूं. अंबाडीच्या भाजीचं गंज, म्हणजे पातेलं, फुटून भाजी छतापर्यंत गेलेली. काडतुसाचं पितळी बूड समोरच्या दाराच्या चौकटीत रुतलं होतं, बाई उभी राहिली असती तर छातीच्या उंचीवर. परसरामजी त्या चौकटीकडे बघत राहिले.

कुंपणापलीकडून शेजारी ओरडला, "काय फुटलं हो टेंभुर्णेसाहेब?"

"कुकर!" परसरामजी म्हणाले.

"तुमच्या घरी कुकर कवा आला?"

हा प्रश्न बरोबर होता. दुपारपर्यंत अर्धी गल्ली कुकर बघायला येऊन गेली. सुट्टी टाकून परसरामजी बाजारात गेले, पाच लिटरचा कुकर आणला, आणि नवा दिसू नये म्हणून धुरपताबाईंच्या समोर बसून त्याला राख फासली. धुरपताबाई बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अजी, चूल माही, डबा तुमचा. गुन्हेगार कोन?"

परसरामजी राख फासत राहिले.

"मी पुसून राहिले तुमाले. त्या आंबागडच्या बाईले चार लोकात गुन्हेगार म्हटलं. तिची बंदूक तं धानात होती, आगीत नोहती."

"मले कोनी पाह्यलं नाही वं," असं काहीतरी ते पुटपुटले.

"मी पाह्यलं ना," धुरपताबाई म्हणाल्या. "जा. सांगून या तिले."

दुसऱ्या दिवशी परसरामजी कामावर आले आणि स्टुलावर बसले. टोपी उचलायला विसरले, तिच्यावरच बसले. रांगेतले लोक थोडा वेळ वाट बघून आपसात बोलायला लागले. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला सगळं सांगितलं, चुलीपासून राखेपर्यंत. जमादारांना आधीच सांगून आले होते. जमादार हसले नाहीत. "पेटी घ्या अन् कुलूप लावा," एवढंच म्हणाले. "माहंच वाक्य मले सांगितलं बाबूजी," परसरामजी म्हणाले, आणि जेवणाचा डबा न उघडता परत पिशवीत ठेवला.

रविवारी माझ्या स्कूटरवर आम्ही आंबागडला गेलो. सत्यभामाबाई शेतात असल्याचं कळलं. गेलो तर रोवणी चाललेली. आता रोवणी हे काही एकटीनं करायचं काम नाही. धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, उपटून आणायचे आणि पंधरा-वीस बायांनी एका ओळीत वाकून चिखलात लावत मागं सरकायचं. आज हिच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, उद्या तिच्या. तोंडं गाण्यात, नाहीतर एकमेकींच्या टिंगलीत. शेजारच्या बांधीत तशा अठरा बाया होत्या. सत्यभामाबाईंच्या बांधीत सत्यभामाबाई होत्या. आम्हाला पाहून अठरा बायांचं गाणं थांबलं.

परसरामजी चप्पल हातात घेऊन धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या बांधावर, उभे राहिले. "नमस्कार घ्या, बाई."

बाई सरळ झाल्या. ओळखलं. हातातले पऱ्हे खाली ठेवले.

"आले का. थांबा, हातपाय धुते, लुगडं बदलवते."

"कुठं चालल्या, बाई?"

"कोरटात. न्यालेच आले ना तुमी?"

परसरामजींनी माझ्याकडे पाहिलं. मी स्कूटरकडे पाहिलं.

बाईंनी कमरेची पिशवी सोडली, तिच्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. "सहा महिने झाले संगं घेऊन फिरून राहिली. शेतात असतानी पोलीस आले अन् कागद घरी राह्यला तं काय करा? वाचा, तारीख कोनती हाय? कोनी सांगत नाही. पोरगा मांगं लागला वाचतो म्हनून तं मीच नाही वाचू देल्लं. त्याले कायले माहीत पडाव, आईवर खटला हाय म्हनून."

परसरामजींनी कागद उघडला. घड्यांवर झिजला होता. त्यांनी मोठ्यानं वाचला.

"'श्रीमती सत्यभामा श्यामराव सेलोकर, राहणार आंबागड, यांनी मयत पतीच्या नावे असलेली एकनाळी बंदूक स्वखुशीने जमा केली, त्याची ही पोच.'"

"स्वखुशीनं म्हंजे?"

"आपल्या मनानं."

"अन् खटला?"

"खटला नाही जी, बाई. पावती हाय हे. बंदूक जमा केल्याची. तुमच्यावर काहीच नाही."

बाई धुऱ्यावर बसल्या. पाण्यात पाय सोडून थोडा वेळ कागदाकडे बघत राहिल्या. वाचता येत नव्हतं तरी बघत राहिल्या.

"तुमी तं गुन्हेगार म्हटलं होतं."

"म्हटलं होतं."

"गाडी काढा म्हटलं होतं."

"चुकलं माहं. माफ करा, बाई. माह्या घरीबी…" असं म्हणून त्यांनी चुलीची हकीकत सांगायला घेतली, पण बाईंनी हातानं थांबवलं. त्या शेजारच्या बांधीकडे बघत होत्या.

"त्या बाया पाह्यल्या का? मागच्या सालापावतर मी त्यायची म्होरकी होती. यंदा एक नाही आली. जिच्यावर खटला तिच्या बांधीत गेलं तं साक्षीले बोलावतात, असं त्यायच्या डोक्यात भरलं. भंडाऱ्याले जा लागते, दिवस मोडते, म्हनते. माहे पऱ्हे पिवळे पडून राहिले. अजून आठ दिवस गेले तं बैलाले टाकाच्या कामाचे. अन् तुमी म्हनता माफ करा. माफी घेऊन काय करू मी? ते बांधीत रोवता येते का?"

परसरामजींनी हातातली चप्पल धुऱ्यावर ठेवली.

"मी येथूनच सांगतो त्यायले," ते म्हणाले आणि शेजारच्या बांधीकडे वळले.

"येथून नोका सांगू. पारावर हसवलं अन् धुऱ्यावर माफी? येथं मानसं कमी अन् बगळेच जास्त आहेत. पंधरा अगस्तले गावात सभा राह्यते, अकरा वाजता. तेथं हा कागद वाचा. अन् तवा काय बोलले होते, तेबी सांगा. सगळं."

"येतो," परसरामजी म्हणाले.

परतीच्या वाटेवर बरंच अंतर गेल्यावर ते माझ्या कानाजवळ येऊन म्हणाले, "बाबूजी, पंधरा तारखेले तं माहा सत्कार हाय."

खरंच होता. मोहिमेत चांगलं काम केलं म्हणून तुमसरला झेंडावंदनानंतर त्यांना प्रमाणपत्र मिळणार होतं. महिनाभर ते त्याच्या तयारीत होते. फौजेची पदकं पॉलिश झाली होती, इस्त्रीवाल्याकडे गणवेश होता. गार्डकडे कोणी बघत नाही हो. लोक बंदुकीकडे बघतात. नाव घेऊन पुढं बोलावणं आणि टाळ्या, हे त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच येणार होतं. पण सत्कार साडेआठला आणि सभा अकराला. दोन्ही जमेल असं मी म्हटलं. ज्यानं कधी सत्काराचा कार्यक्रम पाहिला नाही तोच असं म्हणू शकतो.

यादीत तेवीस नावं होती, परसरामजींचं सतरावं. पाहुणे सव्वानऊला आले. मग स्वागतगीत झालं, पाहुण्यांची ओळख झाली, आणि ओळख करून देणाऱ्याचीही कोणीतरी ओळख करून दिली. सव्वादहाला आठवं नाव चाललं होतं. परसरामजी पहिल्या रांगेत ताठ बसून घड्याळ बघत होते. मागं बायांमध्ये धुरपताबाई बसल्या होत्या. परसरामजींनी एकदा वळून पाहिलं. धुरपताबाईंनी मान हलवली नाही, डोळे हलवले नाहीत, नुसत्या बघत राहिल्या.

परसरामजी उठले. "स्कूटर काढा, बाबूजी."

"आणखी अर्धा तास…"

"काढा म्हटलं ना."

किक मारायला नेमका वेळ लागला. काही सत्कारमूर्ती आलेच नसल्यामुळे की काय, यादी अचानक भराभर पुढं सरकली असावी. आम्ही गावाबाहेर वळत होतो तेव्हा भोंग्यातून त्यांचं नाव ऐकू आलं. परसराम टेंभुर्णे. थोडं थांबून पुन्हा, परसराम टेंभुर्णे, असतील तेथून मंचाकडे यावे. मी वेग कमी केला. "चालवा तुमी," मागून आवाज आला. तिसऱ्यांदा हाक आली ती वाऱ्यानं अर्धीच पोचली.

आंबागडला ग्रामपंचायतीत सभा सुरू झाली होती. साठ-सत्तर माणसं, बाया मागं. गणवेशातल्या परसरामजींना पाहूनच लोक हसायला लागले. सरपंच धनीराम यांनी जागा करून दिली. "या, या, टेंभुर्णेसाहेब! होऊन जाऊ द्या एखांदं!"

परसरामजींनी चुलीची गोष्ट सांगितली. लपवलं काही नाही. बिस्किटांचा डबा, चिखलात पालथं पडणं, कुकर, राख. लोकांना वाटलं नवी नक्कल आहे. कुकरला राख फासली तिथं तर धनीरामांच्या डोळ्यांतून पाणी आलं. परसरामजी खांबासारखे उभे राहून ते हसणं संपायची वाट बघत होते. "हे नकल नोहे," ते म्हणाले, "दाराच्या चौकटीत अजून भोक हाय," तरी दोन-चार जण हसतच होते.

मग त्यांनी खिशातून नाही, सत्यभामाबाईंच्या हातून तो कागद घेतला आणि वाचला. कवायतीच्या आवाजात, शब्द शब्द तोडून. स्वखुशीनं म्हणजे आपल्या मनानं, हेही सांगितलं. खटला नाही, तारीख नाही, कोणाची साक्ष नाही. मालक गेला की परवाना संपतो, बंदूक जमा करायची असते, बाईंनी तेच केलं. फेब्रुवारीत जी तीन वाक्यं राहिली होती ती ऑगस्टमध्ये झाली. परसरामजींनी कागदाची घडी घातली.

"अन् ते?" मागून सत्यभामाबाईंचा आवाज आला.

"बाई, ते राहू द्या."

"तवा नाही राहू देल्लं."

परसरामजींनी टोपी काढली. मग ते वाक्य म्हणाले. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा त्यांचा आवाज, पण हे वाक्य चौथ्या रांगेपर्यंतही गेलं नाही.

"आयकू नाही आलं जी!" कोणीतरी ओरडलं, भाबडेपणानंच.

म्हणून ते त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. श्यामराव गेले, तवा बंदुकीचंबी कुकू पुसलं गेलं. दारातला एक माणूस सवयीनं हसला आणि मध्येच थांबला. मला माझे हात कुठं ठेवावे ते कळेना. त्या दिवशी याच गावात, पारावर, मी किती मोठ्यानं हसलो होतो ते मला आठवत होतं, आणि इथल्या एखाद्या तरी माणसाला ते आठवत असणार असं वाटत होतं.

"गावात चार बंदुका होत्या," परसरामजी म्हणाले. "हात एकीनंच वर केला. बाकीचे तिघं तिच्यावर हसले, अन् हसवनारा मी होतो." पुढं काहीतरी म्हणायला त्यांनी श्वास घेतला.

तेवढ्यात बायांमधून विमलाबाई उठल्या. शेजारच्या बांधीतल्या अठराजणींतल्या या सगळ्यांत वडीलधाऱ्या.

"म्हंजे साक्षीले नाही बोलावत?"

"नाही, बाई."

"कोनालेच?"

"कोनालेच नाही."

"मंग सत्यभामा, उद्या किती जनी पाह्यजे वं?"

"आता पुसून राहिली?" सत्यभामाबाई वळल्या. "आठ दिवस शेजारच्या बांधीत होती, मान वर नाही केली तुनं!"

"अवो, माह्या सुनेनं भेव घातलं. भंडाऱ्याले जा लागते म्हने."

"तुही सून काय वकील हाय?"

सून तिथंच होती. ती बोलायला लागली, तिच्या शेजारची बोलायला लागली, आणि पऱ्हे किती पिवळे झाले, आधी वरची बांधी घ्यायची की खालची, न्याहारी कोण आणणार, यावर सगळ्या बाया एकदम बोलायला लागल्या. धनीरामांनी दोनदा टेबल वाजवलं आणि सोडून दिलं. "बसा जी टेंभुर्णेसाहेब," ते म्हणाले, "आता यायचं तासभर चालते."

परसरामजी बसले नाहीत. टोपी हातात धरून, तो घेतलेला श्वास तसाच ठेवून ते थांबले होते. आवाज काही कमी होईना. शेवटी त्या गलक्यातच ते म्हणाले, "माफ करा, बाई."

मी बाजूलाच होतो म्हणून मला ऐकू आलं. मी तर तेवढंही म्हटलं नाही. मी स्कूटर घेऊन आलेला माणूस, असं तोंड करून मी उभा होतो. सत्यभामाबाई तेव्हा आमच्याकडे पाठ करून बोटांवर बाया मोजत होत्या. एका हाताची बोटं संपली होती, आणि त्यांनी दुसरा हात घेतला होता.